गाळाने घडवलेले पाणथळ

डिसेंबर २०२५ मध्ये बिलासपूरजवळील कोपरा जलाशयाचा रामसर यादीत समावेश झाला आणि छत्तीसगडला पहिले रामसर स्थळ लाभले. हिवाळ्यात भिलाईहून बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा येथे पक्षी पाहायला जाणाऱ्यांना या वार्तेचे विशेष अप्रूप वाटले असेल. कोपरा हा मानवनिर्मित जलाशय. महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळही असेच एका बंधाऱ्यातून जन्मले, मात्र त्याची खरी घडण केली ती गाळाने.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. तेव्हा पक्षी कोणाच्याच मनात नव्हते. डावा व उजवा कालवा काढून कोपरगाव, राहात्याकडील अवर्षणप्रवण शेतीला पाणी द्यावे, एवढाच हेतू. १९१६ मध्ये वरच्या अंगाला दारणा धरण झाले आणि कालव्यांना खात्रीचा पुरवठा मिळाला.

वाहते पाणी अडले की त्याचा वेग घटतो, आणि वेगासोबत गाळ वाहून नेण्याची क्षमताही. जाड वाळू फुगवट्याच्या मुखाशीच थांबते. बारीक माती पुढे जाते. सूक्ष्म कणाचा व्यास निम्मा झाला, तर स्थिर पाण्यात खाली बसण्याचा त्याचा वेग चौथाई होतो. दख्खनच्या काळ्या मातीतील चिकणकण म्हणूनच दीर्घकाळ तरंगतात व दूरवर पसरतात. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. तळ उचलला गेला, बेटे वर आली, उथळ दलदली पसरल्या. अभियंत्याच्या हिशेबात ही निव्वळ तूट होती. साठवणक्षमता घटत होती.

पक्ष्यांचा हिशेब निराळा. शेकाट्याला त्याच्या पायांपुरतेच पाणी चालते. तलवार बदक शेपटी वर करून मान बुडवते. मान पोहोचेल तेवढीच खोली त्याच्या उपयोगाची. आवर्तने सुटून पातळी उतरू लागली की चिखलाचा नवा पट्टा उघडा पडतो, अन् चमचे, शराटी तेथे उतरतात. येथे खोल पाण्यापेक्षा बदलते पाणी अधिक मोलाचे.

सालिम अली यांनी या स्थळाला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटल्याचे सांगितले जाते. १९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये देशातील आणखी नऊ स्थळांसह रामसर मान्यतेची घोषणा झाली.

त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, गोदावरीचा पूर फुगवट्याकडील चांदोरी आणि सायखेडा या गावांत शिरला होता. गाळ काढावा, ही तेथील मागणी जुनी आहे आणि तिला अवास्तव म्हणता येणार नाही. पण सरसकट उपसा झाला तर शेकाट्याचा चिखलही त्यासोबत जाईल. किती काढायचा यापेक्षा कोठून काढायचा, हा प्रश्न अधिक कठीण आहे. त्यासाठी फुगवट्यातील प्रत्येक भागाची खोली मोजावी लागेल, तीही पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षानुवर्षे.