लाल किल्ल्यावर हंडा

१६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढे तेथील वार्षिक भाषणांत देशाची त्या त्या वेळची निकड उमटत गेली. १९६५ साली काश्मिरात घुसखोरी चालू होती, तेव्हा शास्त्रीजी संरक्षणावर बोलले.

पण आम्हा बायकांची अडचण तेथवर पोचायला फार उशीर लागला. २०१४ साली पंतप्रधान मोदींनी तेथे शौचालयांचा विषय काढला. असले बोलणे त्या जागी शोभत नाही, असे काहींना वाटले. मला नाही वाटले. अंधार पडण्याची वाट पाहणे काय असते, ते मी माहेरी भोगले आहे!

२०१९ साली घरोघर नळाची योजना तेथूनच जाहीर झाली. तेव्हा खेड्यांतल्या शंभर घरांपैकी जेमतेम सतरा घरांत नळ होता.