प्रकाशीय यागी-उदा अँटेना

प्रकाशीय यागी-उदा अँटेना ही प्रकाशाला ठरावीक दिशा देणारी, नॅनोमीटर मापाच्या दांड्यांची रचना आहे. रेडिओ लहरींसाठी वापरल्या जाणाऱ्या यागी-उदा अँटेनाचे हे सूक्ष्म रूप होय. एकटा रेणू किंवा क्वांटम डॉट यांतून निघणारा प्रकाश अनेक दिशांना पसरतो आणि त्याचा बराचसा भाग संवेदकापर्यंत पोहोचत नाही. हा प्रकाश एका दिशेस एकवटणे हा या अँटेनाचा मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

मूळ अँटेना १९२६ साली जपानमधील तोहोकू इम्पीरियल विद्यापीठात शिंतारो उदा व हिदेत्सुगू यागी यांनी विकसित केला. घरांच्या छपरांवर दिसणारा, आडव्या दांड्यांचा दूरचित्रवाणी अँटेना हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

रचना व कार्य

या अँटेनात दांड्या एकमेकींना समांतर मांडलेल्या असतात. ऊर्जा मिळते तो प्रेरक घटक, त्याच्या मागे किंचित लांब परावर्तक आणि पुढे किंचित आखूड दिशादर्शक असतात. लांबीतील फरकामुळे दांड्यांमधील विद्युत् दोलनांची कला बदलते. परिणामी मागील बाजूस लहरी एकमेकींना क्षीण करतात, तर पुढील बाजूस बळकट करतात.

प्रकाशासाठी हीच रचना केवळ प्रमाणात लहान करून चालत नाही. रेडिओ अँटेनातील दांडीची लांबी साधारणपणे तरंगलांबीच्या निम्मी असते. प्रकाशाच्या वारंवारतेला मात्र विद्युत् क्षेत्र धातूच्या आत शिरते, त्यामुळे याहून बरीच आखूड दांडी अनुस्पंदित होते. शिवाय इतक्या लहान दांडीला तारेने ऊर्जा पुरवता येत नाही.

प्रयोग

२०१० साली हिरोशिमा विद्यापीठातील तेरुकाझु कोसाको, युताका कादोया व होल्गर हॉफमान यांनी सोन्याच्या नॅनोदांड्यांचा असा अँटेना सादर केला. त्यातील प्रेरक घटक इतर दांड्यांशी ४५ अंशांत तिरपा ठेवला होता. त्यामुळे योग्य ध्रुवीकरणाचा प्रकाश टाकल्यावर केवळ तोच घटक थेट उद्दीपित होई. त्याच वर्षी बार्सिलोनाजवळील प्रकाशविज्ञान संस्थेतील नीक व्हॅन हुल्स्ट यांच्या गटाने पाच घटकांच्या सुवर्ण अँटेनातील प्रेरक घटकाच्या टोकाशी क्वांटम डॉट बसवले. त्यांचे उत्सर्जन एका दिशेस वळले व रेषीय ध्रुवीकृतही झाले.

मर्यादा व उपयोग

धातू प्रकाशाचा काही भाग शोषून त्याचे उष्णतेत रूपांतर करतात. त्यामुळे सिलिकॉनसारख्या, कमी शोषण करणाऱ्या पदार्थांचाही अभ्यास होतो. गोलाकार कणाचा विद्युत् व चुंबकीय प्रतिसाद समान असल्यास तो मागे प्रकाश विखुरत नाही, असे मिल्टन कर्कर व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सैद्धांतिकरीत्या दाखवले होते. सिलिकॉनच्या नॅनोकणांत अशा दिशिक विकिरणाचे दृश्य प्रकाशातील प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाले. एकल फोटॉन स्रोत, रेणूंचे संवेदन आणि चिपवरील प्रकाशीय संदेशवहन ही या अँटेनांची संभाव्य उपयोगक्षेत्रे आहेत.