दिसू नये म्हणून : श्रवणयंत्राची दोन शतके

पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याला कमी ऐकू येत असे. १८१९ साली लंडनच्या एफ. सी. राइन या कारागिराने त्याच्यासाठी एक आसन घडवले. (गोवा तेव्हा याच राजाच्या अमलाखाली होता, राजा स्वतः मात्र नेपोलियनच्या स्वारीनंतर रिओ दि जानेरोला जाऊन राहिला होता.) आसनाच्या दोन्ही हातांना सिंहाची मुंडकी कोरलेली, जबडे उघडे. अर्ज घेऊन आलेल्याने गुडघे टेकायचे आणि सिंहाच्या तोंडात बोलायचे. तो आवाज आसनातल्या पोकळीत शिरे आणि नळीवाटे राजाच्या कानाशी पोहोचे. बघणाऱ्याला दिसायचा तो दरारा. बहिरेपण दरबारी रिवाजात असे मुरवून टाकले होते की ते कुणाला खटकू नये.

मी साताऱ्यात तीस वर्षे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो. गिऱ्हाइके कमी झाली तसे जुन्या यंत्रांविषयी वाचत गेलो. कॉलेजात इतिहास शिकलेलो नाही, त्यामुळे अमुक एका पद्धतीने वाचावे असे बंधनही नव्हते. श्रवणयंत्रांपाशी येऊन मात्र अडकलो, कारण घरातच एक यंत्र बंद पडून होते. त्याविषयी पुढे लिहितो. या दोन शतकांच्या हकिगतीत एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. यंत्र किती ऐकवते यापेक्षा ते किती लपते यालाच विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने जास्त भाव दिला, आणि लपवण्याची किंमत दर वेळी कानाने मोजली.

राइनच्या दुकानात सामान्य श्रीमंतांसाठीही माल होता. एकोणिसाव्या शतकात अशा कर्ण्यांचे कितीतरी नमुने निघाले. हातपंख्यात बसवलेले, काठीच्या मुठीत बसवलेले, टोपीत दडवलेले, बायकांच्या केसांतून कानावर उतरणाऱ्या पट्ट्याला जोडलेले. सुतकात वापरायला काळ्या रेशमाने आणि लेसने मढवलेले कर्णेसुद्धा होते. कर्ण्याचे तंत्र साधे असते. रुंद तोंडाने जास्त आवाज गोळा करायचा आणि अरुंद टोकाने तो कानात सोडायचा. तोंड जितके मोठे, नळी जितकी लांब, तितका फायदा अधिक. केसांत लपेल एवढा कर्णा केला की तो फायदाच जातो. बीथोव्हेनसाठी मेल्त्सेलने (मेट्रोनोममुळे ओळखला जातो तोच) १८१२ ते १८१४च्या सुमारास केलेले कर्णे बॉनच्या संग्रहालयात आहेत. चांगले ढबू आहेत. त्याला संगीत ऐकायचे होते, लपवाछपवी परवडणारी नव्हती.

या सगळ्या मंडळींत मला मनापासून आवडली ती हॅरिएट मार्टिनो. ही इंग्रज लेखिका विशीच्या आतच बहिरी झाली होती. १८३४ साली तिने बहिऱ्यांना उद्देशून एक प्रदीर्घ पत्र छापले. त्यात दयेची याचना नाही. खोटी लाज सोडा, स्वतःच्या बहिरेपणाचा भार इतरांवर कमीत कमी टाका, असा तिचा रोख आहे. त्याच वर्षी ती अमेरिकेच्या प्रवासाला निघाली, हातात भला ठळक कर्णा घेऊन. पुढे त्या प्रवासावरच्या पुस्तकात तिने म्हटले की कर्ण्यामुळे आपले नुकसान झाले नाही. चारचौघांतल्या गप्पा निसटल्या खऱ्या, पण कर्ण्याशी तोंड आणून बोलणारा माणूस एकट्याने, मोकळेपणी बोलतो, आणि त्यातून जास्त हाती लागते. दिसणाऱ्या यंत्राचा हा गुण नंतरच्या जाहिरातींत मला कुठेच सापडला नाही. समोरच्याला यंत्र दिसले की तो आपोआप तोंड समोर करून, जरा सावकाश बोलतो. निम्मे काम तिथेच होते.

विजेवर चालणारी यंत्रे आली ती टेलिफोनच्या पाठोपाठ. टेलिफोन बनवणाऱ्या ग्रॅहम बेलची आई आणि बायको दोघींनाही ऐकू येत नव्हते. टेलिफोनमधल्या कार्बनच्या मायक्रोफोनवर अमेरिकेत मिलर रीझ हचिसनने १८९८च्या सुमारास यंत्र उभे केले. त्याची पुढची आवृत्ती म्हणजे ‘अकूस्टिकॉन’. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिने १९०२च्या राज्यारोहणात ते वापरले. राणी मूळची डेन्मार्कची, म्हणून ही बातमी तिकडे पोचली. हान्स डेमांट नावाच्या डॅनिश व्यापाऱ्याच्या बायकोला ऐकू येत नव्हते. तो लंडनला जाऊन तिच्यासाठी तसलेच यंत्र घेऊन आला आणि १९०४ साली त्याने त्याच व्यवसायात दुकान थाटले. आजची ऑटिकॉन कंपनी ती हीच. हचिसननेच पुढे मोटारीचा कर्कश क्लॅक्सन हॉर्न शोधला. आधी लोकांना बहिरे करायचे आणि मग यंत्र विकायचे, असा याचा बेत आहे, हा विनोद मार्क ट्वेनच्या नावावर सांगितला जातो.

कार्बनच्या यंत्रातला आवाज खरखरीत असे. शिवाय कार्बनचे कण एकमेकांना चिकटून बसत. मग यंत्राला टिचकी मारून ते सैल करावे लागत. नंतर व्हॉल्व्ह आले. १९३०च्या दशकात ते अंगावर बाळगता येण्याइतके लहान झाले. पण त्यांना दोन निरनिराळ्या बॅटऱ्या लागत, एक फिलामेंट तापवायला, दुसरी जास्त व्होल्टेजची. त्या बॅटऱ्या कमरेला किंवा मांडीला बांधायच्या आणि मायक्रोफोन कपड्यांच्या आत दडवायचा. ज्याने कधी शर्टाखाली माईक लावून भाषण केले आहे त्याला पुढचे सांगायला नको. माणसाच्या बोलण्याआधी कापडाची खसखस कानात जाते. तरीही जाहिराती सांगत होत्या ते एकच: कुणाच्या लक्षातही येणार नाही.

ट्रान्झिस्टरची गोष्ट मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो, कारण त्यांना वाटते की तो प्रथम रेडिओत आला. बेल लॅबमध्ये तो डिसेंबर १९४७ मध्ये तयार झाला, पण बाजारात आधी आला तो कानाच्या मशीनमधून. सोनोटोन कंपनीचे १०१० हे यंत्र १९५२च्या अखेरीस निघाले. त्यात दोन व्हॉल्व्ह आणि एक ट्रान्झिस्टर होता, किंमत २२९ डॉलर ५० सेंट. ट्रान्झिस्टरचा पहिला रेडिओ त्यानंतर दोन वर्षांनी आला. ग्रॅहम बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्र बनवणाऱ्यांकडून ट्रान्झिस्टरच्या पेटंटचे शुल्क घेतले गेले नाही. इलेक्ट्रॉनिक्स लहान होत गेले त्यात बहिऱ्या गिऱ्हाइकांचा वाटा मोठा आहे, हे मारा मिल्स या अमेरिकन अभ्यासकाने २०११च्या एका निबंधात दाखवून दिले आहे. लहान वस्तूला जास्त पैसे मोजायला तयार असलेले ते पहिले लोक होते.

१९८३ साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन कानाच्या नळीत बसणारे यंत्र घालून लोकांसमोर आले आणि त्या जातीच्या यंत्रांचा खप एकदम वाढला. गंमत अशी की आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांनी जाहीर केले, आणि लोकांनी उचलले ते मात्र यंत्राचे न दिसणे.

आपल्याकडचे चित्र याच सुमाराचे. अपंगांना साधने देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ची. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. गावोगावी ओळखीचे झाले ते खिशातले मशीन. सिगारेटच्या पाकिटाएवढा डबा, वर जाणारी वायर, कानात बटण. लहान मुलांना कधी एकाच डब्यातून फाटा फोडलेली वायर दोन्ही कानांना देत. ते यंत्र दणकट, स्वस्त, सेल साधा आणि थरथरत्या हातांनाही फिरवता येईल असे चाक. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या शाळेतले एक गुरुजी असे मशीन लावत. पोरे त्यांना ‘रेडिओ मास्तर’ म्हणत. वडिलांनी ते ऐकले होते, तेव्हा त्यांचे कान शाबूत होते.

त्यामुळे पंचाहत्तरीला त्यांना यंत्र घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांची एकच अट होती: “कुणाला दिसता कामा नये.” एका दुकानाने ती तत्परतेने मान्य केली आणि कानाच्या नळीत जाणारे सर्वात लहान यंत्र दिले. घरी येताच ते शिट्टी मारू लागले. मंडपात माईक आणि भोंगा जवळ आले की जी शिट्टी होते तीच ही. यंत्रातून कानात सोडलेला आवाज बाहेर गळतो आणि पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. यंत्र लहान म्हणजे दोन्हींमधले अंतर कमी, आणि ऐकू कमी येत असेल तर आवाज जास्त सोडावा लागतो. शिवाय त्याचा सेल मसुराएवढा. तो त्यांच्या बोटांत ठरेना. यंत्र टेबलाच्या खणात गेले आणि दोन वर्षे तिथेच राहिले. त्या दोन वर्षांत अण्णांनी आधी कट्टा सोडला, मग कीर्तन, मग भाजी आणायला जाणे. “आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत,” म्हणायचे.

हे वाक्य शब्दशः खरे असते. वयाबरोबर आधी जातात ते बारीक, चढे आवाज, आणि स, श, थ, ख यांची ओळख त्यांतच असते. स्वर ऐकू येतात. भाजीवाली ‘साठ’ म्हणते, कानाला ‘आठ’ पोचते. माणूस आठ रुपये पुढे करतो आणि हसे होते. म्हणून निवडीची सुरुवात यंत्रापासून करू नये, ऑडिओग्रामपासून करावी. आधी कानाच्या डॉक्टरांकडून मळ काढून घ्यावा, पडदा तपासून घ्यावा. मग शांत खोलीत कोणत्या पट्टीत किती डेसिबल कमी ऐकू येते ते मोजले जाते आणि शब्द किती ओळखता येतात हेही पाहिले जाते. दोन्ही कान उतरले असतील तर दोन यंत्रांचा विचार करावा. आवाज कुठून आला हे एका कानाला नीट सांगता येत नाही. विकणाऱ्याला विचारायचे ते एवढेच: घरी वापरून पाहायला किती दिवस देता, नंतर जुळवणी कोण करणार, आणि मोल्ड सैल झाला तर नवा इथेच होतो का. बोटांचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवतो. सेल स्वतःला बदलता येत नसेल तर यंत्र दुसऱ्याच्या सवडीने चालते.

निगेचा इतिहास हा बव्हंशी ओलाव्याचा इतिहास आहे. कार्बनला तो नको होता, सुरुवातीचे ट्रान्झिस्टर घामाने बिघडत, आजच्या डिजिटल यंत्रालाही तो मानवत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा कसोटीचा काळ. किनाऱ्यावर तर बारा महिने. रात्री यंत्र कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेलच्या झाकणबंद डबीत ठेवावे, सेलचे दार उघडे ठेवून. मोल्ड तेवढा यंत्रापासून सोडवून कोमट साबणपाण्यात धुता येतो. नळीतले पाणी रबरी पिचकारीने फुंकून काढावे. यंत्राला स्पिरिट लावू नये. आंघोळीआधी ते काढून ठेवायचे, आणि तेल लावून डोके चोळायचे असेल तरीही. सेल जस्त-हवेचा असतो. त्यावरचा रंगीत कागद सोलला की छिद्रातून हवा शिरते आणि सेल जागा होतो. दोन-चार मिनिटे थांबून मग बसवावा. कागद पुन्हा चिकटवून तो झोपत नाही. कागदाचा रंग म्हणजे माप: पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५. दुकानदाराला नंबर न सांगता रंग सांगितला तरी चालतो. जुने सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळले तर जिवावर बेतते.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अ‍ॅपलच्या एअरपॉड्सना सॉफ्टवेअरच्या जोरावर श्रवणयंत्र म्हणून वापरायला परवानगी दिली. कानात पांढरे बोंडूक घालून हिंडणारी तरुण मुले आता साताऱ्याच्या पोवई नाक्यावरही दिसतात, त्यांना कुणी रेडिओ मास्तर म्हणत नाही. पण ही सोय सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी आहे. अण्णांचा ऑडिओग्राम त्यात बसत नाही. आठवडाभर घरी वापरून त्यांनी जे घेतले ते कानामागे अडकवायचे, निळ्या कागदाच्या सेलचे, चांगले बोटभर लांबीचे यंत्र आहे. पांढऱ्या केसांत ते कुणालाही दिसते. भाजीवाली ते बघून आता तोंड वर करून भाव सांगते.