कागद, काच, पत्रा : एका कामगार संघटनेचा इतिहास

हवामान बिघडत चालले आहे, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. ते सावरण्याचे काम कोणी करावयाचे, असे विचारले म्हणजे मात्र लोकांची नजर शास्त्रज्ञांकडे, नाहीतर सरकारकडे वळते. पुणे शहरात या कामाचा मोठा वाटा कित्येक वर्षे काही बायका उचलीत आल्या, आणि त्याबद्दल त्यांच्या पदरात शिव्याच पडल्या. त्या बायका म्हणजे कुंडीतून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या.

आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. तरी या बायकांना आम्ही कामगार समजत नव्हतो, हे आधीच कबूल करतो. 1993 साली आम्ही विशीत होतो आणि एका कारखान्याच्या दारावर सकाळच्या पाळीला पत्रके वाटीत असू. समोरच्या कुंडीवर दोनतीन बायका वाकलेल्या दिसत. त्यांच्या हाती पत्रक द्यावे, असे आम्हांला एकदाही सुचले नाही. ज्याला मालक तो कामगार, अशी आमची ठाम समजूत.

ही समजूत आमची एकट्याची नव्हती. 1972 साली अहमदाबादेत इला भट्ट 'सेवा' ही कष्टकरी स्त्रियांची संघटना नोंदवावयास गेल्या, तेव्हा कामगार खात्याने हाच आक्षेप काढला : मालकच नाही, तर या बाया भांडणार कोणाशी? संघटना ही कामगारांच्या एकीसाठी असते, तिला समोर मालक असलाच पाहिजे असे नाही, हे त्यांनी खात्याला पटविले व त्याच वर्षी नोंदणी झाली. कायदा 1926 चाच होता. त्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

पुण्यातील कचरा वेचणाऱ्या बहुतेक दलित समाजातल्या. 1972 च्या दुष्काळाने गाव सोडावे लागलेली अनेक कुटुंबे त्यांत होती. शेत नाही, अक्षरओळख नाही, भांडवल नाही. अशा बाईला शहरात एकच धंदा कोणाची परवानगी न घेता करता येई. भंगाराची दुकाने व वजनकाटा बहुतांशी पुरुषांच्या हाती, आणि कुंडीत हात घालावयाचा तो बाईने, अशी ही वाटणी. शेजारी चोरी झाली की पोलीस प्रथम हिलाच धरीत, कारण तिच्या गोणीत कोणाच्या तरी घरची वस्तू असावयाचीच!

1990 च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यक्रमातून पौर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण या वस्त्यांत जाऊ लागल्या. साक्षरतेच्या निमित्ताने त्या गेल्या. पण बायांना अक्षरापेक्षा आधी हवे होते ते स्वच्छ भंगार. घरातच कागद व काच वेगळी ठेवली, तर कुजक्या घाणीत हात घालावा लागणार नाही आणि भावही बरा येईल, हा त्यांचा साधा हिशेब होता. मे 1993 मध्ये या बायकांची परिषद भरली, आणि डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. बाबांनी हमालांची पंचायत चालविलेली होती. पाठीवर पोते वाहणारा माणूस कामगार ठरतो, तर पाठीवर गोणी वाहणारी बाई का ठरू नये, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पंचायतीची पहिली मोठी मागणी पगाराची नव्हती. ती ओळखपत्राची होती. 1995-96 च्या सुमारास पुणे महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. सुशिक्षितांना यात विशेष काय, असे वाटेल. पण जिचे नाव जन्मभर 'अमक्याची बायको' एवढेच होते, तिला स्वतःच्या छायाचित्राखाली स्वतःचे नाव आणि त्याशेजारी धंद्याची नोंद मिळाली. पोलिसाने अडविले तर दाखवावयास काही झाले. पुढे 1997 साली पतसंस्था निघाली. खाते बाईच्या नावाचे, तेव्हा पैसा काढण्यास तिचाच अंगठा लागे. घरात दारूपायी भांडी विकली जात असतील, तेथे या अंगठ्याची किंमत काय असते, हे आम्ही वेगळे सांगत नाही.

2001 साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेसाठी झालेल्या एका अभ्यासात असे निघाले, की प्रत्येक कचरावेचक महिन्याला सुमारे 246 रुपयांची मेहनत महापालिकेला फुकट देते. उचललेल्या प्रत्येक गोणीबरोबर तेवढ्या कचऱ्याचे वाहतूकभाडे वाचते ना! या हिशेबाच्या बळावर महापालिकेने 2002-03 पासून त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरावयास घेतला.

हवामानाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. भाजीची देठे नि शिळे अन्न डेपोवर ढिगाने टाकले, की आत हवा पोचत नाही व मिथेन वायू होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट उष्णता धरतो. तोच ओला कचरा वेगळा काढून जागीच जिरविला, तर खत होते. सुक्याचेही तसेच. जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरावयास नव्याच्या मानाने सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. यांतले काहीही त्या बायांना कोणी शिकविले नव्हते. पोटासाठी केलेल्या कामाचा हा उपयोग इतरांना मागाहून कळला.

मग कळल्यावर काय झाले? 2000 च्या नियमांनी दारोदार कचरा गोळा करणे शहरांवर बंधनकारक केले. आमच्या मते खरा पेच येथे होता. शहर सुधारावयाचे म्हणजे ठेकेदार, ठेकेदार म्हणजे मोटारगाडी, आणि गाडीवर चालक व मदतनीस पुरुष. वेचणारी बाई आपोआप बाहेर. गिरण्यांत नवी यंत्रे आली तेव्हा आधी बायकाच गेल्या होत्या, हे आम्ही वाचलेले आहे. पंचायतीने उलट मागणी केली, की हे दारोदारचे काम आम्हांलाच द्या. त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली व 2008 साली महापालिकेने तिच्याशी करार केला. बाई आता कुंडीऐवजी जिन्यावर आली. घरटी ठरलेले शुल्क तिला थेट मिळू लागले, भंगारही तिचेच राहिले. शुल्क चारचार महिने थकविणारी बिऱ्हाडे आहेत. ओल्यात डायपर कोंबणारीही आहेत, आणि ती अडाणी नसतात.

करार पाच वर्षांचा होता. तो संपला तेव्हा नवा लगेच झाला नाही. त्या मधल्या काळात बायका सकाळी कचरा गोळा करीत राहिल्या, आणि करारासाठी महापालिकेच्या दारी मोर्चेही नेत राहिल्या.