स्ट्रोकनंतर हात-पाय कमजोर का पडतात? ताकदीचे व्यायाम कसे काम करतात?

घरात कुणाला स्ट्रोक, म्हणजे पॅरालिसिसचा झटका आला की बऱ्याचदा शरीराची एक बाजू कमजोर पडते. मग घरचे म्हणतात, "आराम करा, जोर लावू नका." ही काळजी कधी कधी महागात पडते. का, ते बघूया.

बिघाड नेमका कुठे असतो?

मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त थांबलं किंवा तिथे रक्तस्राव झाला की तिथल्या पेशी मरतात. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते आणि उजवी बाजू डावी. सोप्या भाषेत, हँडसेट ठीक आहे पण नेटवर्क गेलंय. फरक एवढाच की न वापरलेला हँडसेट तसाच राहतो, न वापरलेला स्नायू मात्र काही आठवड्यांतच बारीक होऊ लागतो. म्हणजे एकाचे दोन प्रॉब्लेम.

ताकद कशी मोजतात?

डॉक्टर 0 ते 5 असे गुण देतात:

- 0: काहीच हालचाल नाही
- 1: स्नायू नुसता फडफडतो
- 2: आधार दिला तर हलतो
- 3: स्वतःचं वजन उचलतो
- 4: थोडा विरोध सहन करतो
- 5: नॉर्मल

व्यायाम कोणता?

तो या गुणांवर ठरतो. 0-1 असेल तर फिजिओथेरपिस्ट विजेचे सौम्य झटके देणारं मशीन वापरू शकतात. 2 असेल तर हात टेबलावर सरकवणं. 3 च्या पुढे रबर बँड, हलकं वजन, खुर्चीतून उठणं-बसणं. साधारणपणे आठवड्यातून 2-3 दिवस, एका वेळी 10-15 वेळा, आणि जमेल तसं हळूहळू वाढवत. यातून स्नायू भरतो आणि मेंदूचे उरलेले मार्ग सिग्नल पाठवायला शिकतात.

जोर लावला की हात-पाय जास्त आखडतात, असं पूर्वी मानलं जायचं. नंतरच्या अभ्यासांत तसं आढळलं नाही.

तुम्ही काय करू शकता?

फोनवर रिमाइंडर लावा, रोजची मोजणी नोट्समध्ये लिहा, महिन्यातून एकदा तोच व्यायाम शूट करून फिजिओला दाखवा. कमजोर हात धरून ओढू नका, खांदा दुखावतो. बीपी जास्त असेल, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा. अचानक नवी कमजोरी आली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर वाट न बघता 108 ला फोन करा.