‘गांधी मला भेटला’ खटला

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या मराठी कवितेवरून चाललेला अश्लीलतेचा खटला. ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या, सभासदांपुरत्या वितरित होणाऱ्या नियतकालिकात छापली गेली. पतित पावन संघटनेच्या तक्रारीवरून कवी, प्रकाशक देविदास तुळजापूरकर आणि मुद्रक यांच्यावर लातूरमध्ये गुन्हा नोंदला गेला. वैमनस्य पसरवण्याच्या आरोपांतून ते सुटले. भारतीय दंडसंहितेचे अश्लीलतेविषयीचे कलम २९२ मात्र उरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाने हस्तक्षेप नाकारल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

कलम २९२ ‘अश्लील’ची व्याख्या सैल ठेवत असे आणि कलेच्या हितासाठी अपवादही देत असे. त्यामुळे खरा निर्णय नियम लावणाऱ्याच्या तारतम्यावर येई. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या उदेशी निकालात इंग्लंडमधील १८६८ ची हिकलिन कसोटी, म्हणजे सहज बिघडू शकणाऱ्या मनांना मजकूर भ्रष्ट करील का हे पाहणारी कसोटी, वापरली होती. २०१४ च्या अवीक सरकार निकालाने ती सोडून समकालीन समाजमानाची कसोटी स्वीकारली. या खटल्यात १४ मे २०१५ रोजी न्या. दीपक मिश्रा व न्या. प्रफुल्ल पंत यांनी तिला पुस्ती जोडली: ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या (येथे गांधींच्या) तोंडी अश्लील भाषा घातल्यास ही कसोटी अधिक कडक होते. कलमात नसलेली ही पायरी वादग्रस्तच म्हणावी लागेल. एकच शब्द वक्ता बदलताच गुन्हा ठरू शकतो. प्रकाशकाने पुढे बिनशर्त माफी छापली होती. म्हणून त्याच्यावरील व मुद्रकावरील आरोप रद्द झाले, कवीला मात्र खटल्यास सामोरे जाण्यास सांगण्यात आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २९४ मध्ये आहे.