अलिबागच्या वाळूवर, डिसेंबर १७२१

अलिबागला आपल्यापैकी कोण गेलेले नाही? दोन दिवस जोडून सुट्टी आली की चिंचवड, भोसरी, चाकणच्या गाड्या बोरघाट उतरू लागतात. ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जायचे आणि भरतीच्या आत परतायचे. याच किनाऱ्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज यांची एकत्र फौज आली आणि मार खाऊन गेली. शाळेत आपण ते एका वाक्यात पाठ केले होते. पेपरात मार्क मिळायला तेवढे पुरत असे. या स्मरणिकेच्या निमित्ताने मी ते वाक्य थोडे उलगडून पाहतो.

समुद्रात फिरणाऱ्या जहाजाने आपला दस्तक घ्यावा, हा कान्होजी आंग्र्यांचा आग्रह. तो मुंबईकर इंग्रजांना मान्य नव्हता. गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर आरमार धाडले. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. त्या वेळी खास बांधलेला तरंगता तोफखाना नेला होता. पण त्यावरच्या तोफांची तोंडे पुरेशी वर उचलता येईनात! तिन्ही वेळा हात हलवत परतावे लागले. मग १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज मुंबईत आला, गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः फौजेसह सामील झाला आणि सुमारे सहा हजार माणसे अलिबागवर चालून गेली.

या फौजेत गोरे होते, राजाच्या जहाजांवरचे खलाशी होते, तोपास म्हणजे मिश्र वंशाचे ख्रिस्ती शिपाई होते आणि इथलेच देशी शिपाईही होते. हे आपण विसरतो. ‘परकीय आक्रमण’ म्हणताना शिडीखाली उभा असलेला माणूस पुष्कळदा याच मातीतला, पगारासाठी आलेला असे.

मॅथ्यूजच्या ‘सॅलिसबरी’ जहाजावर क्लेमेंट डाउनिंग नावाचा मिडशिपमन होता. त्याने या आंग्रेविरोधी मोहिमांवर पुस्तक लिहिले. ते १७३७ मध्ये लंडनला छापले गेले. कान्होजींना तो सरसकट ‘चाचे’ म्हणतो, तेव्हा त्याचा चष्मा ओळखूनच वाचावे लागते. तरीही तो बखरकार नव्हे, त्या ताफ्यातला माणूस आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

सुरुवातच विचित्र झाली. तळाबाहेर घोड्यावरून फिरणाऱ्या मॅथ्यूजच्या मांडीत एका मराठा स्वाराने भाला मारला. मॅथ्यूज चिडून त्याच्या मागे लागला, पिस्तूल रोखले, तर त्यात बारच भरलेला नव्हता.

प्रत्यक्ष हल्ल्यात इंग्रजांकडे तटाला शिड्या लावून चढण्याचे काम होते. वरून मारा, खाली दाटी. अनेक जण तिथेच पडले. तेवढ्यात मराठ्यांचे घोडदळ पोर्तुगीजांच्या बाजूवर आले आणि ती फळी फुटून पळू लागली. शिडीवरच्या माणसाला मागे काय चालले आहे ते कुठून कळणार? बाजू उघडी पडल्याचे दिसताच इंग्रजही मागे फिरले, आणि तोफा-दारूगोळा जागीच टाकून सगळे पळत सुटले. मॅथ्यूजने संतापून पोर्तुगीज सेनानीच्या तोंडात आपली छडी खुपसली म्हणतात. व्हाइसरॉय आजारपण सांगून जहाजावर गेला. दोस्तांची दोस्ती तिथेच संपली.

आता हे घोडदळ कुठले? शाहू महाराजांच्या हुकमाने घाटावरून उतरलेले. पुढे पिलाजी जाधवराव, आपल्या शेजारच्या वाघोलीचे. आणि स्वतः बाजीराव, वय २१, पेशवेपद मिळून दोन वर्षेही झालेली नव्हती. आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. ‘आंग्रे’ हे नाव पुणे प्रांतातल्या आंगरवाडीवरून आले. समुद्रावरचा सर्वांत मोठा मराठा सेनानीही मुळात देशावरच्या घराण्यातला. आपण कान्होजींचा विजय आरमाराचा म्हणून सांगतो, पण माझ्या मते १७२१ चा निकाल तटामागच्या चिवट शिबंदीने आणि वेळेवर पोचलेल्या घोडेस्वारांनी लावला. सातारा आणि कुलाबा एक होते, म्हणून ते पोचले.

जानेवारी १७२२ मध्ये बाजीरावांनी पोर्तुगीजांशी वेगळा तह केला. इंग्रज एकटे पडले आणि मुंबईला परतले. मॅथ्यूजवर पुढे मायदेशी कोर्टमार्शल झाले, हिंदुस्थानात खासगी व्यापार केल्याबद्दल!

कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रज पुन्हा आले. समुद्रातून वॉटसन आणि क्लाइव्ह होते, तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. त्या वेळीही पेशव्यांची फौज घाट उतरून आली होती, पण इंग्रजांच्या बाजूने.